तत्त्वतः मान्य

आमच्या घरात पाव भूक लागली म्हणून कधी कोणी खाल्ला नाही. तो तत्त्व म्हणून खाल्ला जायचा. दर शनिवारी संध्याकाळी सिल्वासातल्या आमच्या टोकरखाड्याच्या क्वार्टरच्या ओटीवर अप्पांचं विचारमंडळ भरायचं आणि सभेची सुरुवात म्हणून मधल्या टेबलावर पितळी ताटात पावांची चवड यायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, उभे राहायचे, घसा साफ करायचे, वरचा पाव उचलून दोन्ही हातांनी मोडायचे आणि म्हणायचे, "मित्रहो, ज्या पावाच्या तुकड्यानं आपल्या पूर्वजांचा धर्म बाटत होता, तो तुकडा आज आपण चहाबरोबर खातो आहोत." मग सगळे जण आपापला पाव उचलायचे. कचेरीतले हेडक्लार्क सबनीस तो औषधासारखा डोळे मिटून गिळायचे आणि नंतर खिशातल्या रुमालानं बोटं पुसत बसायचे. आई स्वयंपाकघरातून कपबशा बाहेर सरकवायची, पण पावाला हात लावायची नाही. अप्पांनी तिला एकदा चारचौघांत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला तो मिळमिळीत लागतो. तत्त्वानं चव बदलते का?"

फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, जाऊन काही वर्षं झाली होती. सिल्वासा म्हणजे तेव्हा सागाच्या जंगलाच्या पोटातलं एक झोपाळू गाव. आठवड्याच्या बाजाराला वारली बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन यायच्या, आणि शनिवार-रविवार पलीकडच्या गुजरातेतून दारूबंदीला कंटाळलेले लोक हवापालटासाठी यायचे. त्यांना हवा फार मानवायची. शाळा आणि कचेऱ्या चालवायला मुंबईहून, कोकणातून माणसं आणली होती, त्यांत अप्पा इतिहासाचे शिक्षक म्हणून आलेले. आपण इथं नोकरीसाठी आलो असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते प्रकाश घेऊन आले होते. क्वार्टरमध्ये अजून वीज नव्हती, त्यामुळे हा प्रकाश कंदिलाच्या उजेडात पाडावा लागे, एवढीच अडचण होती.

मंडळात काय काय चालायचं ते मी आतल्या खोलीच्या दाराआडून ऐकलेलं आहे. जातीपाती मोडाव्यात, स्त्रीला माणूस म्हणून जगू द्यावं, विधवांचे विवाह व्हावेत, मिश्र विवाह व्हावेत, लेखकाच्या लेखणीवर सरकारनं हात ठेवू नये. सगळे ठराव एकमतानं पास. एकदा मुंबईहून कोणीतरी एक नवी कादंबरी आणली. तिच्यावर बंदी येणार अशी बोलवा होती. मंडळानं त्या बंदीचा इतका कडक निषेध केला की ओटीखाली बसलेलं कुत्रं उठून गेलं. निषेध संपल्यावर सबनीस अप्पांना हळूच म्हणाले, "पुस्तक जरा वर ठेवा हो. घरात बायकामुलं आहेत." अप्पांनी ते कपाटाच्या माथ्यावर, ट्रंकेच्या मागं ठेवलं. आठवड्याभरात ताराआत्यानं ते स्टुलावर चढून काढलं, दुपारी तांदूळ निवडता निवडता वाचून संपवलं, आणि होतं तिथं नीट पुसून ठेवून दिलं. मी विचारलं, "काय आहे गं त्यात?" ती म्हणाली, "एक बाई आहे. तिला जे हवंय ते ती मागते. बाकी पानभर धुकं आणि चंद्र."

ताराआत्या अप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला मागच्या पडवीत टाकली. अप्पांना कळलं तेव्हा ते वेंगुर्ल्याच्या बाजूला तिच्या सासरी गेले, ओसरीवर उभं राहून भांडले आणि तिला ट्रंकेसकट घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं. ती नेसायला तयार होईना, तर अप्पा दिवसभर जेवले नाहीत. हे सगळं मी आईकडून ऐकलेलं. पुढं मी अप्पांची जी काही थट्टा करणार आहे ती वाचताना हे हिरवं लुगडं कोणी विसरू नये. माझे वडील ढोंगी नव्हते. ढोंगी माणसाला आपण काय करतो ते ठाऊक असतं.

लोकशाही बाहेर बोलायची आणि घरात हुकूमशाही करायची, हे अप्पांना मान्य नव्हतं. म्हणून दर रविवारी, अंघोळी झाल्यावर आणि जेवणाआधी, आमची घरसभा भरायची. मधल्या खोलीत सतरंजी, तिच्यावर आम्ही चौघं, आणि पाचव्यासाठी, म्हणजे अध्यक्षासाठी, घरातली एकुलती एक हातांची खुर्ची. सभा सुरू करायला घंटा हवी, म्हणून देवघरातली घंटा आणली जायची. देवाचं काही ऐकायचं नाही पण त्याची घंटा वापरायची, असं आई पुटपुटायची. अप्पा, आई आणि आत्या यांना प्रत्येकी एक मत. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते आणि नंदू माझ्यापेक्षा लहान. आम्हाला अर्धं अर्धं मत होतं. आमचं दोघांचं पटलं तर घराला एक मत मिळायचं. ते फारसं कधी मिळालं नाही. अध्यक्षपद पाळीपाळीनं, आणि अध्यक्षानं एरवी मत द्यायचं नाही, समसमान मतं पडली तरच आपलं निर्णायक मत टाकायचं, असा नियम अप्पांनी एका जाड पुस्तकातून काढून आम्हाला पाठ करायला लावला होता. आईची पाळी आली की ती म्हणायची, "माझी आमटी उतू जाईल, तुम्हीच बसा." मग अप्पा बसायचे.

या सभेत अप्पांनी कोणाला कधी नाही म्हटलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते आहे. नाही म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आईनं उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा मागितला, तो तत्त्वतः मान्य झाला. मी सायकल शिकायचं म्हटलं, तेही तत्त्वतः मान्य झालं. तत्त्वतः मान्य झालेली गोष्ट अप्पा मग उपसमितीकडे सोपवायचे. उपसमिती म्हणजे अप्पा स्वतः. उपसमिती विचार करायची, परिस्थितीचा अभ्यास करायची, वेळ योग्य नाही असा अहवाल द्यायची. आई चुलीपुढं वाकूनच राहिली आणि मी सायकल शिकले ती लग्नानंतर, नवऱ्याच्या मागं लागून. हल्ली संध्याकाळी मी टीव्हीवरच्या चर्चा बघते. चार चौकटींत चार शहाणी माणसं, मागं पुस्तकांची कपाटं, आणि प्रत्येकाचा कशाला ना कशाला तत्त्वतः पाठिंबा. मला लगेच आमची सतरंजी आठवते आणि मी आवाज बंद करून नुसती तोंडं बघत बसते.

पाव आणून द्यायचा पास्कू. जवळच्या आमलीत, आज जिथं दुकानांची रांग आणि कामगारांच्या चाळी आहेत, तिथं तेव्हा त्याची एक बैठी बेकरी होती, मागं लाकडाची भट्टी. त्याचा बाप गोव्याहून फिरंग्यांच्या शिपायांना पाव भाजून घालायला आलेला. शिपाई गेले, बापही गेला, भट्टी आणि पास्कू मागं राहिले. गिऱ्हाईक म्हणून उरलं ते आमचं विचारमंडळ. चाळिशीचा, रुंद, कमी बोलणारा माणूस. बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली. कोपरापर्यंत पीठ, सायकलला मागं टोपली, टोपलीवर निळं कापड. शनिवारी दुपारी कोपऱ्यावरून त्याचा रबरी भोंगा वाजायचा. पाव तत्त्वाचा असला तरी तो पुढच्या दारानं कधी आला नाही. पास्कू सायकल घेऊन मागच्या दाराला यायचा आणि आत्या ताट घेऊन तिथं उभी असायची.

अप्पांनी घरात गावची बोली बंद केली होती. मुलांची भाषा बिघडते म्हणून शुद्ध बोलायचं. आत्या घरात शुद्ध बोलायची, म्हणजे फारसं बोलायचीच नाही. मागच्या दारी मात्र तिचा आवाजच वेगळा असायचा. पास्कूची गोव्याची कोंकणी आणि तिची मालवणी, दोघांच्या भाषांचं मधे कुठंतरी छान जमायचं.

"गेल्या खेपेचे पाव करपले होते रे," आत्या म्हणायची. "तुझा लक्ष खंय आसता?"

"तुमच्या दारार," पास्कू पावांकडे बघत म्हणायचा.

आत्या हसायची. ती हसली की तिला खोकला यायचा, इतकी तिला सवय नव्हती. मी हे सगळं उंबऱ्यावर बसून ऐकलेलं आहे. पास्कू माझ्या हातात एक गरम पाव द्यायचा. भट्टीतल्या लाकडाचा वास असलेला, वरून कडक आणि आतून मऊ असा तो पाव मी तत्त्वाशिवाय खायचे, तिथल्या तिथं, दोन्ही गाल भरून. तशी चव मला पुढं कुठंच मिळाली नाही. आईला हे सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या दाराकडेच उघडायची. ती शनिवारी दुपारी अप्पांना काही ना काही आणायला बाजारात पाठवू लागली.

मग एका रविवारी, अप्पा अध्यक्षांच्या खुर्चीत असताना, आत्यानं हात वर केला. तोपर्यंत तिनं हात वर केला होता तो फक्त अप्पांच्या ठरावाला अनुमोदन द्यायला. अप्पा खूश झाले. "बोल तारे, बोल. सभेपुढं निर्भयपणे बोलायचं."

आत्या उभी राहिली. पदर खांद्यावरून नीट घेतला. "मी आणि पास्कू लग्न करणार आहोत," ती म्हणाली. "मुंबईला, नोंदणी करून. मी माझा धर्म सोडणार नाही, तो त्याचा सोडणार नाही. दादा, तुमची संमती असावी असं मला वाटतं. तुम्ही मला आणलंत, म्हणून."

नंदू म्हणाला, "म्हणजे आपल्याला पाव फुकट?" आईनं त्याच्या मांडीवर चापट मारली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. त्यांच्या तोंडून सवयीनं शब्द बाहेर आले, "तत्त्वतः..." आणि तिथंच थांबले. इतकी वर्षं ज्या शब्दानं त्यांना तारलं होतं, तो पुढं सरकेना. शेवटी त्यांनी घंटा वाजवून सभा तहकूब केली. जेवताना त्यांनी आमटीत दोनदा मीठ घालून घेतलं आणि सगळी आमटी प्यायले.

उपसमितीनं त्या आठवड्यात फार अभ्यास केला. अप्पा ओटीवर येरझारा घालायचे. ते आत्याला रागावून एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. ते तिला समजावायचे. "माझा विरोध आहे का? मुळीच नाही. पण तो पाववाला आहे, तारे. तुझं वाचन, तुझी समज. उद्या एखादा ख्रिस्ती प्राध्यापक असता, तर मी स्वतः हार घेऊन उभा राहिलो असतो." आत्या म्हणाली, "दादा, प्राध्यापक मागच्या दाराला येत नाहीत."

शनिवारी त्यांनी विषय मंडळापुढं ठेवला, अर्थातच नाव न घेता. "समजा," अप्पा म्हणाले, "उदाहरणादाखल एक बाई घेऊ. विधवा. चांगल्या घरातली. ती एका परधर्मी कष्टकरी माणसाशी विवाह करू इच्छिते." पाव खाऊन झाले होते. सबनिसांनी बोटं पुसली. उदाहरणातल्या बाईचं मंडळानं स्वागत केलं. तिच्या धैर्याचं कौतुक केलं. मग खानदेशाकडचे एक गणिताचे सर म्हणाले, "पन समाजाची तयारी पाहिजे ना भाऊ." आणि सबनीस म्हणाले, "मी काय म्हणतो, अप्पासाहेब, अशा बाईनं आधी शिक्षण घ्यावं. मग नोकरी करावी. मग समाजात स्थान मिळवावं. मग..." तोपर्यंत उदाहरणातली बाई साठीची झाली असती. आत्या हे सगळं दारात किटली घेऊन उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली, टेबलाशी थांबली आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "उदाहरणातली बाई विचारते आहे, आणखी चहा कोणाला हवा आहे का?"

कोणालाच नको होता. सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

दुसऱ्या दिवशीची घरसभा मी जन्मात विसरणार नाही. आत्या गेली तर माझ्या वेण्या कोण घालणार, कपाटावरची पुस्तकं मला कोण सांगणार, असं एकीकडे वाटत होतं. आणि ती नाही गेली तर ती पुन्हा शुद्ध बोलत, न बोलत, या घरात म्हातारी होणार, हेही मला लख्ख दिसत होतं. रात्री ती माझ्या शेजारी झोपायची. आदल्या रात्री तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "दादानं नाही म्हटलं तर मी जाणार नाही. भांडून एका घरातून निघाले, तेवढं पुरे."

अप्पांची तयारी पक्की होती. सकाळीच त्यांनी नंदूला ओटीवर नेऊन त्याच्याशी लोकशाहीतल्या अर्ध्या मताचं मोल आणि नव्या क्रिकेटच्या बॅटची गरज या दोन विषयांवर चर्चा केली होती. सतरंजी घातल्यावर ते म्हणाले, "आज अध्यक्षपदाची पाळी हिची आहे, पण नेहमीप्रमाणे..." आणि खुर्चीकडे वळले. खुर्चीत आई बसलेली होती. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली होती, हात पदराला पुसले होते आणि घंटा मांडीवर घेतली होती.

"आमटी?" अप्पांनी विचारलं.

"उतरवली," आई म्हणाली. "पाळी माझीच आहे ना?" आणि तिनं घंटा वाजवली. ती घंटा इतकी वर्षं तिचीच होती, त्यामुळे तिच्या हातात ती नीट वाजली.

अप्पांनी आधी हरकत घेतली. तारेचा या ठरावात स्वतःचा हितसंबंध आहे, सबब तिला मत देता येणार नाही. नियमाला धरून होतं. आईनं ते मान्य केलं. मग अप्पा बोलायला उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचं भाषण मला भाषण वाटलं नाही. ते अडखळत होते. शाळेत काय म्हणतील, गावाकडचे दार बंद करतील, आई-वडलांच्या श्राद्धाला भटजी मिळणार नाही. श्राद्धावर आपला विश्वास नाही हे त्यांना मधेच आठवलं, ते थांबले, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हिचं लग्न कसं व्हायचं? आमचं काय, आम्ही तयार आहोत. समाज तयार नाही."

आईनं खोलीभर नजर फिरवली. "समाज कुठं बसलाय?" तिनं विचारलं. "मला तर आपणच दिसतोय."

"तुला कळत नाही. भावनेचा प्रश्न नाही हा."

"अध्यक्षांना अहोजाहो करायचं असा नियम आहे," आई म्हणाली. "तुम्हीच पाठ करून घेतलाय. मतदान घेऊया."

ठरावाच्या बाजूनं मी हात वर केला. तो मी जमेल तितका उंच धरला. अर्धं मत. विरुद्ध कोण, असं आईनं विचारलं तेव्हा नंदूनं आमच्यापैकी कोणाकडेच न बघता हात वर केला. अर्धं मत. आता सगळे अप्पांकडे बघत होते. आत्या भिंतीला टेकून बसली होती, नखानं सतरंजीचा दोरा ओढत. अप्पांचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. मी तो बघितला. ज्या माणसानं हिरव्या लुगड्यासाठी उपास केला होता त्याला विरोधात हा हात वर करता येईना, आणि ठरावाच्या बाजूनं करण्याइतकी छातीही होईना. हात पुन्हा मांडीवर आला. "मी तटस्थ राहतो," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. पुढं मी पुष्कळ तटस्थ माणसं पाहिली. सभांत पाहिली, घरांत पाहिली. परवा नातवानं आपली मैत्रीण घरी आणली, दुसऱ्या धर्माची, तर माझा मुलगा म्हणाला, "आमची काही हरकत नाही, पण..." आणि पुढं बराच वेळ पणच चालला होता. तेव्हा मी काय केलं ते सांगते: देवघरातली घंटा आणली.

"अर्ध्याला अर्धं," आई म्हणाली. "समसमान. अध्यक्षांचं निर्णायक मत ताराबाईंच्या बाजूनं. ठराव पास. आणि नंद्या, बॅटची वाट बघू नकोस, तीसुद्धा तत्त्वतःच आहे." तिनं घंटा वाजवली. "उठा, पानं घेते."

आत्या उठली आणि आईच्या पायाशी वाकली. आईनं तिला वर ओढलं, आणि मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ पानं काही आली नाहीत. आतून रडण्याचा आवाज येत होता. कोणाचा ते ओळखू येत नव्हतं.

ठराव पास झाला म्हणजे झाला, एवढं अप्पांनी पाळलं. मोडता घातला नाही, पण बोलणंही टाकलं. नोंदणी लग्नाच्या नोटिशीचा महिना उन्हाळ्याच्या सुट्टीत गेला, मंडळी आपापल्या गावी पांगली होती. लग्नाला आई आणि मी मुंबईला गेलो. पास्कू कोट घालून आला होता, त्याच्या मनगटावरचं पीठ नीट निघालं नव्हतं. अप्पा आले नाहीत. वापीला जाणारी आमची बस क्वार्टरवरून गेली तेव्हा मात्र ते फाटकाशी उभे होते, नजर दुसरीकडे लावून. आत्या खिडकीतून म्हणाली, "दादा, येते." त्यांनी मान हलवली, की मान आखडली म्हणून फिरवली, सांगता येत नाही.

आत्या आमलीला बेकरीमागच्या खोलीत राहायला गेली. घर एकदम शांत झालं. म्हणजे आधीही शांतच होतं, पण आता ते कळायला लागलं. माझ्या वेण्या आई घालायची, घट्ट आणि घाईनं. अप्पा ओटीवर एकटेच बसायचे. एकदा मी बघितलं, ते कपाटावरची ती कादंबरी काढून उभ्या उभ्या वाचत होते. मला बघून त्यांनी ती परत वर ठेवली नाही. खालच्या फळीवर, इतिहासाच्या पुस्तकांत ठेवली.

शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी मंडळ भरलं. भरलं याचंच मला नवल वाटलं, पण मंडळींना कुतूहल असणार. ओटीवर खुर्च्या मांडल्या, आईनं चहा टाकला, आणि कोपऱ्यावर भोंगा वाजला. सगळे एकदम टेबलाकडे बघू लागले. सायकल या खेपेला मागच्या दाराकडे वळली नाही. ती पुढच्या फाटकाशी थांबली. पास्कू सायकल धरून बाहेरच उभा राहिला आणि आत्या निळ्या कापडाखालची टोपली घेऊन पायऱ्या चढून वर आली. हिरवं लुगडं नेसली होती. तिनं पितळी ताटात पाव रचले, ताट टेबलावर ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

अप्पा उठले नाहीत. नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. ताट मधोमध, पाव गरम, वास सगळ्या ओटीभर, आणि एकही हात पुढं होईना.

"घ्या ना," आई म्हणाली.

"अं? नाही, आज जरा पोट..." गणिताचे सर म्हणाले. दुसऱ्या एकाला वैद्यानं मैदा वर्ज्य सांगितला होता. सगळे सबनिसांकडे बघू लागले. सबनीस, ज्यांनी याच ओटीवर देवाचं अस्तित्व दोनदा खोडून काढलं होतं, रुमालाची घडी करत म्हणाले, "आज शनिवार ना. माझा मारुतीचा उपास असतो."

इतके शनिवार पाव खाऊन झाल्यावर त्यांना मारुती आठवला. कुणा परक्या ख्रिस्ती माणसाचा पाव होता तोवर तो सुधारणा होती. तोच पाव अप्पांच्या मेव्हण्याचा झाल्याबरोबर बाटवायला लागला. मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा सासरच्या पडवीत असेल तसा झाला होता, निदान मला तसं वाटलं. फाटकाशी पास्कूनं मान खाली घातली होती आणि तो सायकलचा ब्रेक उगाच दाबत होता.

अप्पांनी एकेका माणसाकडे बघितलं. घाई न करता बघितलं. त्या प्रत्येक चेहऱ्यात त्यांना काय दिसत होतं ते मला आज कळतं, कारण त्या सुट्टीभर मी त्यांचा तसाच चेहरा बघितला होता. मग त्यांनी हात पुढं केला, वरचा पाव घेतला, मोडला, चहात बुडवला आणि खाल्ला. दुसरा घेतला. चावताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.

"अप्पासाहेब," सबनीस हळूच म्हणाले, "तुमच्या धाडसाचं कौतुकच करायला हवं."

"धाडस कसलं, सबनीस?" अप्पा तोंडात घास असतानाच म्हणाले. "घरचा पाव आहे."

मंडळी एकेक करून उठली. चपला घालताना नीट कोणी कोणाकडे बघितलं नाही. फाटकातून जाताना त्यांना पास्कूच्या सायकलला वळसा घालून जावं लागलं. अप्पा खातच होते. सगळे गेल्यावर ते आत्याकडे न वळता, ज्या बोलीला त्यांनी घरात इतकी वर्षं येऊ दिलं नव्हतं त्या बोलीत म्हणाले, "मीठ कमी आसा गो."

आत्या म्हणाली, "सांगतंय तेका."

"माका सांगूंदे," अप्पा म्हणाले. "तेका वर बोलाव. आणि तू बस."

सबनिसांची खुर्ची रिकामी होती. आत्या तीत बसली, आणि आई आणखी दोन कप आणायला आत गेली.